एकट्याचा दगड

धम्मानंदला लांब वायर खपत नसे. हिंगणा रोडवर त्याचं बॅटरीचं दुकान होतं. वर पत्रे, दारात दोन मोडक्या खुर्च्या, आणि आत अॅसिडनं भोकं पडलेला शर्ट घालून बसलेला हा. ई-रिक्षावाले यायचे, इन्व्हर्टरवाले यायचे, लग्नसराईत डीजेवाले यायचे, आणि सगळ्यांना तो एकच गोष्ट ऐकवायचा. “वायर जेवढी लंबी, तेवढा करंट रस्त्यातच मरते. बॅटरी मोटरच्या पायाशी पाहिजे, पायाशी!” दुसऱ्या कोणाकडून काम करून आलेली रिक्षा दिसली की सीट उचलायचा, वायर बघायचा आणि कपाळावर हात मारायचा. “कोणं केलं गा हे? कपडे वाळू घालता का याच्यावर?”

गिऱ्हाईक हसायचं, हा हसायचा नाही. माणूस कामाचा होता, त्याबद्दल कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. पण आपल्याला दुकानात जे येतं ते जगात सगळीकडे चालतं, असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याची दया येईल, आणि दयेच्या भरात हे विसरायला होईल.

लहानू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. हिंगण्याहून स्कूटरनं अर्ध्या तासावर कोथळीचा तलाव, तलावाच्या बांधाला, म्हणजे पाळीला, लागून मासे धरणाऱ्या ढिवरांची टोली, त्या टोलीतला हा. पाचवीपासून दहावीपर्यंत दोघं एका बाकावर बसले. दहावीत लहानू नापास झाला, तर हाही सोबतीला नापास झाला. धम्मानंदच्या घरी भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी कोथळीची मरळ यायची, आणि लहानूच्या घरी दिवाळीची लायटिंग धम्मानंदशिवाय कोणी लावायचं नाही. धम्मानंदची बायको मेघा म्हणायची, “तुमच्या दोघांची लग्नं आमच्याशी काहून लावली? एकमेकांशीच लावून टाकाची होती.”

लहानूला एक खोड होती, दारूची. मारझोड करणारा नव्हता, पण प्यायला की पाळीवर झोपून जायचा आणि प्रेमिला, त्याची बायको, पोरीला कडेवर घेऊन शोधत फिरायची. दोन वर्षांपूर्वी पोरगी काजल नऊ वर्षांची झाली, त्या दिवशी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. “बाई, तुही शपथ, आता थेंब नाही.” टोलीतले हसले. अशा शपथा टोलीनं पुष्कळ पाहिल्या होत्या. पण लहानूनं पाळली, एक महिना, सहा महिने, दोन वर्षं. काजल शाळेत पोरींना सांगायची, “माह्या बाबानं माह्यासाठी सोडली.” त्या पोरीची तेवढीच श्रीमंती होती.

मागच्या पावसाळ्यात लहानू पाळीवरून घसरला आणि उजवा खांदा गेला. बसवला, पण आता दिवसभर वल्हं मारणं होईना. मासेमारी सोसायटीकडून फायबरची नाव मिळाली होती, जुनं पेट्रोलचं इंजनही आणलं, पण त्याची दोरी ओढायला तोच खांदा लागायचा. शिवाय जाळं टाकताना इंजन चालत नाही. मासोळी पळते आणि जाळं पंख्यात जातं. तेव्हा धम्मानंदनं मनावर घेतलं. इंजनाला सेल्फ लावायचा, म्हणजे बटण दाबलं की सुरू. आणि जाळ्याच्या कामासाठी पाण्याखाली फिरणारी एक बारकी मोटर, आवाज न करणारी, बॅटरीवर चालणारी.

“मंग एकच बॅटरी लाव ना बे,” लहानू म्हणाला.

“आन् मोटर चालवून चालवून ते बसली, वारा सुटला, तर इंजन कायनं चालू करशीन? तुह्या बापाच्या बिडीनं?” धम्मानंद म्हणाला. “सेल्फची अलग, मोटरची अलग. दोन पाहिजे.”

बघा, जिवाची काळजी होती त्याला. त्यानं दोन बॅटऱ्या लावल्या त्या लहानू मधेच अडकू नये म्हणूनच. सेल्फची लहान, मोटरसायकलला असते तेवढी. आणि दुसरी मोठी ट्युब्युलर, इन्व्हर्टरला असते ती, उचलायला दोन माणसं लागतात अशी.

“मोठी पुढं ठेवू,” लहानू म्हणाला. “तोंडाकडं. मागं इंजन आहे, मोटर आहे, मी आहो.”

“पुढून मागं वायर किती होते माहीत आहे? चौदा फूट! चौदा फुटात करंटची माय मरते. ई-रिक्षात कुठं राहते बॅटरी? मागच्या सीटखाली. मोटरच्या पायाशी. हे घे, दीड फुटात काम.” आणि त्यानं दोन्ही बॅटऱ्या मागच्या फळीखाली, इंजनाला चिकटून बसवल्या. पट्टे आवळले, टर्मिनलला ग्रीस लावलं. काम देखणं झालं होतं. त्यानं मोबाईलवर फोटोसुद्धा काढला, दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला.

राहिला दगड. लहानूचा बाप देवाजी, सत्तरीच्या पुढचा, मोतीबिंदूनं डोळे अर्धे गेलेले. त्याच्या लाकडी डोंग्यात एक काळा गुळगुळीत दगड असायचा. दोघं जण निघाले तर दगड पाळीवर काढून ठेवायचा. एकटा निघाला तर पुढे ठेवायचा. जोडीदाराच्या जागी. डोंगा मोडला तेव्हा म्हाताऱ्यानं लाकूड जाळलं, दगड मात्र ठेवला, आणि फायबरच्या नावेतही लहानूला एकटं जाताना तो न्यायला लावला. घरात त्याला नावच पडलं होतं, एकट्याचा दगड.

ट्रायल मार्चमध्ये झाली, सकाळी. धम्मानंदनं एक गंमत आणली होती. दुकानामागे देशी दारूचे रिकामे पव्वे पडलेले असायचे, त्यातला एक त्यानं धुतला, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी काठोकाठ भरलं, बोटाच्या पेराएवढी हवा सोडली आणि झाकण घट्ट लावलं. आडवा ठेवला की बुडबुडा इकडून तिकडे पळायचा. मिस्त्री लोक लेव्हल बघतात तशी ही त्याची लेव्हल. मधल्या फळीवर तो पव्वा त्यानं काळ्या टेपनं चिकटवला. लहानू मागे बसला, धम्मानंद पुढे, आणि नाव तलावात निघाली.

“पाह्य, पाह्य!” धम्मानंद ओरडला. “बुडबुडा मधात! केसभर इकडं नाही, तिकडं नाही.”

लहानूनं खूश होऊन बारकी मोटर फिरवली. नाव लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पाळीवर करंजाच्या झाडाखाली देवाजी बसला होता. एवढ्या लांबून त्याला नावेतलं काही दिसत नव्हतं. तिथून त्यानं आवाज दिला, “पुढं दगड ठेवला का गा?”

“बाबा, तुमच्या दगडाचा जमाना गेला,” धम्मानंद हसत ओरडला. “आता बॅटऱ्यांचंच वजन एवढं आहे. वरून दगड कायले?”

किनाऱ्यावर आल्यावर लहानूनं दगडाकडे पाहिलं. “काय करू बे? बाबाचा आहे.”

“फेक. नाहीतर वहिनीले दे, कपडे धुवाले होईन.”

लहानूनं दगड घरी नेला. प्रेमिलानं तो मोरीत ठेवला. पव्वा तसाच फळीला राहिला. नंतर टेप उन्हानं सैल झाली असेल आणि तो खाली घरंगळून फळीआड गेला असेल. दोघांच्याही लक्षात आलं नाही. लक्षात यायचं कारणही नव्हतं.

महिनाभर नाव चालली. तलाव आरशासारखा शांत होता, मागची बाजू पाण्यात दोन बोटं खाली असली तरी कोणाला दिसत नव्हती. लहानू एकटाच जायचा, एकटाच यायचा. आता जोडीदार लागत नाही म्हणून खूश होता. धम्मानंदला फोन करून म्हणायचा, “इंजिनेर, तू तं माहा खांदा नवा करून देला.” धम्मानंद फोन स्पीकरवर ठेवून हे दुकानातल्या सगळ्यांना ऐकवायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, नागपूरकडे येतं तसं, दिवसभर आग ओतून चारच्या सुमाराला वादळ आलं. धूळ आधी, वारा मागून. लहानू जाळं ओढून घेत होता. ओलं जाळं मागेच, त्याच्या पायाशी. वाऱ्यानं लाटा उठवल्या त्या मागून. पाळीवर बकऱ्या चारणाऱ्या एका बाईनं पाहिलं. नावेचं तोंड वर उचललं गेलं, मागून पाणी आत शिरलं, आणि मग नाव दिसेना. बाईनं टोलीत येऊन हंबरडा फोडला.

धम्मानंद पोचला तेव्हा अंधारायला अजून वेळ होता. सोसायटीचे लोक दोर टाकून नाव ओढत होते. ती पाण्यात उभी होती. तोंड आभाळाकडे, बूड खाली. पुढच्या पोकळीत हवा होती म्हणून तेवढी तरंगत होती, आणि मागे इंजन, दोन बॅटऱ्या. त्या एका नजरेत धम्मानंदला सगळं कळलं. कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. तो तिथेच चिखलात बसला. लोकांना वाटलं, दोस्त गेला म्हणून. खरंच दोस्त गेला होता. पण तेवढंच नव्हतं.

लहानू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. दोन्ही पायांना जाळं गुंडाळलेलं होतं.

आता टोलीचं ऐका. ढिवराचा पोरगा, चालायच्या आधी पोहायला शिकलेला, तो आपल्याच तलावात बुडतो कसा? लोकांना उत्तर लागतं आणि मिळेल ते चालतं. त्यांना मिळालं. नावेतलं पाणी उपसताना फळीआड देशीचा पव्वा सापडला, झाकण लावलेला, जवळजवळ भरलेला. त्याला काळी टेप. “टेप कायले? लपवाले!” “भरलेला कसा?” “पहिला संपला असंन, हा दुसरा.” झाकण उघडून वास घ्यायचं एकाला सुचलं नाही. पव्वा दिसला की झाली दारू, बास. सोसायटीचा अध्यक्ष रुपराव भला माणूस. त्यानं तो पव्वा कमरेला खोचला, पोलिसांच्या नजरेत पडू दिला नाही, आणि घरी नेऊन हळूच प्रेमिलाच्या हातात ठेवला. “वहिनी, हे आपल्यातच राहू द्या. माणूस गेला, आता नाव कायले खराब कराचं?” भल्या माणसाच्या हातून कधीकधी असलं वाईट होतं की वैऱ्याला सुचू नये. पोलिसांनी पव्वा उघडला असता तर एका मिनिटात खरं बाहेर आलं असतं.

प्रेमिला त्यानंतर रडली नाही. प्रेत उचलताना रडली नाही, राख सावडताना रडली नाही. पव्वा फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे टाकला आणि कामाला लागली. कोणी गळ्यात पडायला आली तर म्हणायची, “कोणासाठी रडू वं? पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्यासाठी?”

धम्मानंदला हे सगळं तिसऱ्या दिवशी कळलं, मेघाकडून. मेघा रोज कोथळीला जाऊन प्रेमिलाजवळ बसत होती. पव्वा, काळी टेप, एवढं ऐकलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. गेला नाही. का? कारण पव्वा माझा म्हटलं की लोक विचारणार, कशाला होता? लेव्हल बघायला. मग लेव्हल बरोबर होती ना? होती. मग नाव बुडाली कशी? त्याचं उत्तर त्याला द्यायचं नव्हतं. त्यानं आठवडाभर दुकान उघडलं, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, काढल्या, आणि गप्प राहिला. दोस्ताचं नाव मातीत जात होतं आणि हा गप्प राहिला. हे त्याला माफ करणं अवघड आहे.

दहाव्या दिवशी मेघा घरी आली ती डोळे पुसतच. “काजल मले विचारून राहिली होती, काकू, माह्या शपथीत दम नव्हता का? मी मेली असती तं चाललं असतं का बाबाले?” मेघा तिथंच उंबऱ्यावर बसली. “अकरा वर्षांची पोट्टी आहे हो. तिले वाटते, बापाले तिच्यापेक्षा पव्वा जास्त होता.”

त्या रात्री जेवण समोर ठेवून धम्मानंदनं एक वाट शोधली. स्वतः दारूला कधी शिवलेला नाही तो माणूस. पण आता सांगायचं, पव्वा माझा, ट्रायलच्या दिवशी मी प्यालो, नावेत राहिला. लोक छी-थू करतील, करू देत. लहानू सुटेल, पोरगी सुटेल. आणि बॅटऱ्यांचं कोणी विचारणार नाही. त्याला वाटलं, आपण दोस्तासाठी केवढा कलंक अंगावर घेतोय! स्वतःला फसवायचं म्हटलं की माणसाला कुठून कुठून अक्कल येते.

तेरवीला लहानूच्या अंगणात हिरवी जाळी बांधली होती. पुरुषांची पहिली पंगत बसली होती, सगळे ढिवर, सगळे पाण्यातले. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी, सगळं तयार होतं आणि कोणाच्याच पानात पडत नव्हतं. आधी गेलेल्या माणसाच्या नावाचं पान वाढायचं, ते पाळीवर पाण्याकडे ठेवायचं, मग पंगत. ते पान बायकोनं वाढायचं, आणि प्रेमिला चुलीजवळून उठायला तयार नव्हती.

“त्याच्या नावाचं पान मी वाढणार नाही,” ती म्हणाली.

रुपराव म्हणाला, “वहिनी, माणूस गेला. आता राग कायले?”

“रुपरावभाऊ, तुम्हीच आणून देला न तो पव्वा माह्या हातात? मंग आता मले नका समजावू.”

देवाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता. काजल दाराच्या चौकटीत उभी होती, नवीन फ्रॉक घातलेली, तेल लावून वेण्या घातलेली. पानाकडे बघत नव्हती, आईकडे बघत नव्हती. पंगतीतले लोक खाली मान घालून बसले होते.

धम्मानंद पुढे झाला. “वहिनी, पव्वा माहा होता.”

सगळ्यांनी वर पाहिलं.

“ट्रायलच्या दिवशी मी पेलो होतो. राहिलेला नावेत राहिला. लहानूनं हातसुद्धा लावला नाही.”

मेघा बायकांमध्ये बसली होती. ती नुसती बघत राहिली. प्रेमिला उठली, पदर कमरेला खोचला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्ही? धम्माभाऊ, तुम्ही सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. दोस्तासाठी खोटं बोलून राहिले. नका बोलू. माह्यावर उपकार नका करू.”

“खरं सांगून राहिलो वहिनी. बाबासाहेबाची आण...” इतकं बोलून तो थांबला. ती आण त्याच्या तोंडून खोट्यासाठी निघेना.

तेवढ्यात काजल आत गेली. तांदळाचा डबा सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडकं होतं. तिनं फडकं सोडलं, पव्वा काढला. काळ्या टेपचा तुकडा अजून लोंबत होता. कोणी म्हणालं, “पोरीच्या हातातून घ्या गा ते!” पण कोणी उठायच्या आत तिनं झाकण पिळलं, बाटली नाकाशी नेली. तिला तो वास माहीत होता. लहानपणी बापाच्या शर्टाला यायचा. तिनं पुन्हा वास घेतला. मग थोडं तळहातावर ओतलं आणि जिभेनं चाटलं.

“आई,” ती म्हणाली, “हे पाणी आहे.”

कोणालाच काही कळेना. रुपरावनं उठून बाटली घेतली, वास घेतला, घोट घेतला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “पाणीच आहे,” तो म्हणाला. “आईशपथ, नुसतं पाणी.”

प्रेमिला मटकन खाली बसली. तेरा दिवस आत कोंडलेलं एकदम फुटलं. ती अशी रडली की अंगणातली कुत्री उठून बाजूला झाली. “म्हणजे त्यानं घेतली नव्हती? माय वं, त्यानं घेतली नव्हती! आन् मी त्याले शिव्या देल्या, त्याच्या चितेसमोर शिव्या देल्या वं!” काजल तिच्या मांडीवर पडली. बायका धावल्या. पंगतीतले बाप्ये डोळे पुसू लागले.

धम्मानंदला तिथून निघून जाता आलं असतं. लहानू सुटला होता, पोरगी सुटली होती. पण म्हातारा देवाजी हलला नव्हता. त्याची नजर अधू, कान शाबूत.

“धम्मा,” तो म्हणाला, “पाण्याचा पव्वा कायले ठेवला होता गा?”

“लेव्हल पाहाले बाबा. नाव सरळ आहे का, ते.”

“होती?”

“होती. बुडबुडा मधात होता.”

“त्या दिवशी तू कुठं बसला होता?”

बायका प्रेमिलाला शांत करत होत्या, पण पंगतीतली सगळी तोंडं धम्मानंदकडे वळली. धम्मानंदनं लहानूच्या रिकाम्या पानाकडे पाहिलं.

“पुढं,” तो म्हणाला.

एवढंच. पंगतीत बसलेला प्रत्येक माणूस नावेत वाढलेला होता. कोणाला पुढचं सांगावं लागलं नाही. रुपरावनं हातातली बाटली हळूच खाली ठेवली. देवाजीनं डोकं भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले.

प्रेमिलाला मात्र कळलं नाही. ती सगळ्यांची तोंडं बघू लागली. “काय झालं? काय म्हणते तो? बोला न कोणी.”

 सांगणं हे धम्मानंदचंच काम होतं, आणि या वेळी त्यानं ते केलं. “वहिनी, मी पुढं बसलो होतो म्हणून नाव सरळ होती. तो एकटा गेला तवा पुढं कोणीच नव्हतं. मागं इंजन, मागं दोन्ही बॅटऱ्या, मागं तो. लहानू म्हणत होता, मोठी बॅटरी पुढं ठेव. मी ऐकलं नाही. चौदा फूट वायर लागते म्हणून ऐकलं नाही. आन् बाबाचा दगड होता पुढं ठेवाले, तो मीच काढाले लावला. वादळानं नाही बुडवलं त्याले. मी बुडवलं.”

 प्रेमिला उठली. तोंड धुतलं. पान घेतलं आणि वाढू लागली. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. लहानूला बुंदी आवडायची, ती तिनं दोनदा वाढली. पान काजलच्या हातात दिलं. “जा बाई, बाबाले देऊन ये. सांग त्याले, तुही शपथ खरी होती.” पोरगी दोन्ही हातांनी पान धरून पाळीकडे चालू लागली, एकेक पाऊल जपून.

ती दिसेनाशी झाल्यावर प्रेमिला धम्मानंदकडे वळली. आवाज चढवला नाही.

“तुम्ही माह्या पोरीचा बाप वापस देला धम्माभाऊ. आन् माहा नवरा नेला. आता मी तुमच्या पाया पडू का तुमच्या तोंडात मारू, हे मले समजून नाही राहिलं.” तिनं मोरीकडे बोट केलं. “मोरीत तो दगड आहे. दीड महिना झाला, मी त्याच्यावर कपडे धुऊन राहिली. त्याचेच कपडे धुतले मी त्याच्यावर. तेवढा घेऊन जा. जेवायले थांबू नका.”

पंगतीत कोणी “राहू द्या” म्हणालं नाही. धम्मानंद मोरीत गेला. दगड ओला होता, साबणाचा बुळबुळीत. त्यानं उचलला आणि त्याच्या हातांना लगेच वजन कळलं. आयुष्यभर बॅटऱ्याच उचललेले हात ते. ई-रिक्षाच्या एका बॅटरीएवढा, पाव किलो इकडे-तिकडे. पुढे एवढंच लागत होतं.

देवाजीच्या समोरून जाताना तो थांबला. म्हाताऱ्यानं चाचपून दगडावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढून घेतला. 

स्कूटरच्या पुढच्या पायदानावर दगड ठेवला, मागे मेघा बसली. एरवी मेघा मागे बसली की स्कूटरचं हँडल हलकं व्हायचं, खड्ड्यात थरथरायचं. त्या दिवशी पुढे वजन होतं म्हणून गाडी हिंगण्यापर्यंत एकदम सरळ चालली. धम्मानंद रस्ताभर रडत होता. मेघानं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

दुकानापाशी आल्यावर ती उतरली, कुलूप काढलं, शटर वर केलं. आत ठेवायला जागा पुष्कळ होती. बॅटऱ्यांचं रॅक, टेबलाखालचा कोपरा, मागची मोरी. तो दगड छातीशी धरून दारात उभा होता.

“कुठं ठेवता हा?” तिनं विचारलं.

सगळ्या हिंगणा रोडला जागा सांगणारा माणूस होता तो. रॅककडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, आणि तिथेच पायरीवर बसला, दगड मांडीवर घेऊन. संध्याकाळी एक ई-रिक्षावाला बॅटरी दाखवायला आला, तेव्हाही तो तसाच बसलेला होता.